दृष्टी, वाणी आणि संकेत : खालच्या आकाशातील वाहतूक-नियमनाचा इतिहास

जमिनीपासून सुमारे १२० मीटर, म्हणजे ४०० फूट, उंचीपर्यंतचा हवेचा थर गेल्या दहा-बारा वर्षांत वाहतूक-नियमनाचा एक स्वतंत्र विषय होऊन बसला आहे. पूर्वी ह्या थरात पक्षी व पतंग, क्वचित एखादे फवारणीचे विमान किंवा हेलिकॉप्टर, एवढ्यांचाच वावर असे. आज तेथे मोजणी करणारे, पिकांवर फवारणी करणारे, छायाचित्रे घेणारे आणि औषधे वा सामान पोचविणारे ड्रोन आले आहेत. माणसाने चालविलेली विमाने आणि माणसावाचून उडणारी याने ह्यांनी एकाच आकाशात परस्परांना धक्का न लावता कसे वावरावे, हा प्रश्न सामान्यतः अभियांत्रिकीचा किंवा कायद्याचा मानला जातो. तो तसा आहेच. परंतु त्याला आणखी एक अंग आहे व त्याकडे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. एकमेकांस अपरिचित अशा दोन वाहनांनी आपले अस्तित्व आणि आपला हेतू परस्परांना कोणत्या माध्यमाने कळवावयाचा, हा तो प्रश्न होय.

ह्या दृष्टीने पाहिले असता विमानवाहतुकीच्या नियमनाचा शंभर वर्षांचा इतिहास हा तीन माध्यमांचा इतिहास ठरतो. प्रथम दृष्टी, नंतर वाणी आणि शेवटी यंत्रांनी यंत्रांना पाठविलेला संकेत. प्रत्येक माध्यम अपुरे पडले ते अपघातांतून उघडकीस आले आणि प्रत्येक संक्रमणाच्या वेळी नवे माध्यम ज्यांना अवगत नाही असा एक वर्ग मागे राहिला. ह्या मागे राहिलेल्यांचा भार कोणी वाहावयाचा, हाच आजच्या खालच्या आकाशातील कळीचा प्रश्न आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

१. दृष्टीचा काळ

७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समध्ये, पॅरिस-लंडन मार्गावर, दोन प्रवासी-कंपन्यांची विमाने समोरासमोर येऊन आदळली. एक इंग्रजी विमान टपाल घेऊन क्रॉयडनहून पॅरिसकडे निघाले होते. दुसरे फ्रेंच विमान प्रवासी घेऊन पॅरिसहून क्रॉयडनकडे चालले होते. दोन्ही विमानांतील मिळून सातही जण मरण पावले. नियमित विमानसेवेतील दोन विमानांची हवेतच टक्कर होण्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. त्या काळी वैमानिक जमिनीवरील रस्ते व लोहमार्ग डोळ्यांनी पाहून मार्ग काढीत. त्या दिवशी धुके व पावसाची रिपरिप होती, आणि ही विमाने सुमारे १५० मीटर उंचीवरून जात होती. ही उंची आजच्या ड्रोनच्या मर्यादेहून फारशी अधिक नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. आकाशातील वाहतुकीचा प्रश्न प्रथम उद्भवला तोच मुळी खालच्या आकाशात.

ह्या अपघातानंतर क्रॉयडन येथे विमानकंपन्या, वैमानिक व शासन ह्यांच्या प्रतिनिधींची बैठक झाली. उजवीकडून जाण्याचा दंडक, वैमानिकाला समोरचे स्पष्ट दिसेल अशी विमानाची रचना आणि प्रवासी विमानांत रेडिओ, असे ठराव त्या बैठकीत झाले. ह्या तीन ठरावांत त्या काळाचे सारे स्वरूप सामावले आहे. पहिले दोन ठराव दृष्टीचे आहेत. तिसऱ्याने वाणीच्या युगाची चाहूल दिली.

दृष्टीच्या काळातील नियम बहुतांशी समुद्रावरून आले. १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात आकाशातील वाटचालीचे नियम परिशिष्टरूपाने जोडलेले होते. त्यांतील एक नियम आपल्या विषयाच्या दृष्टीने मूलभूत आहे. यंत्रबळाने उडणाऱ्या विमानाने हवाई जहाजाला व फुग्याला वाट द्यावी, आणि हवाई जहाजाने फुग्याला वाट द्यावी. वाफेच्या जहाजाने शिडाच्या जहाजाला वाट द्यावी ह्या सागरी दंडकाचेच हे रूपांतर होय. त्यामागील तत्त्व असे, की ज्याला दिशा बदलण्याचे सामर्थ्य अधिक, त्याच्यावर टक्कर टाळण्याची जबाबदारी अधिक. आपल्याकडे घाटरस्त्यावर उतरणाऱ्या गाडीने चढणाऱ्या गाडीला वाट द्यावी असा जो नियम आहे, त्याच्या मुळाशीही हाच न्याय आहे. फुग्याला वळता येत नाही, म्हणून त्याचा हक्क पहिला. सामर्थ्याबरोबर दायित्व येते, हा विचार आकाशाच्या कायद्यात प्रथमपासून रुजलेला होता.

भारतातील नागरी विमानसेवेचा आरंभही ह्याच दृष्टीच्या काळातील आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन आपले पस मॉथ विमान मुंबईच्या जुहू धावपट्टीवर उतरविले, तेव्हा जमिनीवरून मार्गदर्शन करणारी कोणतीही रेडिओ-व्यवस्था त्या मार्गावर नव्हती. वैमानिकाचे डोळे, नकाशा आणि होकायंत्र एवढ्यावरच सारा भरवसा होता. आकाश मोकळे होते म्हणून तो पुरेसा ठरला.

त्या काळात आणखी एका प्रश्नाचा निकाल लागला. खालचे आकाश कोणाच्या मालकीचे? जमिनीचा जो धनी तोच तिच्यावरील आकाशाचाही धनी, असे एक जुने लॅटिन न्यायवचन युरोपीय कायद्यात रूढ होते. १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर कॅरोलायनातील कॉझबी नामक कोंबडीपालकाचा दावा आला. लष्करी विमाने त्याच्या जागेवरून अवघ्या ८३ फूट उंचीवरून जात. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आदळून मरत व अशा सुमारे १५० कोंबड्या मेल्या होत्या. न्यायालयाने जुने वचन आधुनिक जगाला लागू पडत नाही असे ठरविले. परंतु त्याचबरोबर जमिनीलगतच्या ज्या आकाशाचा जमीनधारक प्रत्यक्ष उपयोग करू शकतो, त्यावरील त्याचा हक्क मान्य केला. हा हक्क नेमका किती उंचीपर्यंत पोचतो, हे मात्र त्या निकालात अनिर्णितच राहिले. आजचे ड्रोन नेमके ह्या अनिर्णित थरात उडत आहेत.

मराठीत ह्या संदर्भात दोन शब्द वापरले जातात, ते अर्थपूर्ण आहेत. एक 'हवाई हद्द' आणि दुसरा 'अवकाश'. 'हद्द' म्हणताच मालकी, सीमा व उल्लंघन हे अर्थ जागे होतात. 'अवकाश' म्हणताच मोकळी जागा व वाव हे अर्थ पुढे येतात. १९१९ च्या पॅरिस कराराने आणि ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो कराराने राष्ट्राराष्ट्रांमधील आकाशाला 'हद्द' मानले. शिकागो कराराच्या आठव्या कलमात वैमानिकरहित विमानाचाही उल्लेख असून, विशेष परवानगीवाचून असे विमान दुसऱ्या राष्ट्राच्या प्रदेशावरून नेण्यास त्यात मनाई आहे. परंतु राष्ट्राच्या अंतर्भागातील वाहतुकीचा प्रश्न हद्दीच्या कल्पनेने सुटत नाही. तेथे प्रश्न सीमेचा नसून वाटेचा असतो.

२. वाणीचा काळ

१९२९ साली अमेरिकेतील सेंट लुई विमानतळावर आर्ची लीग नावाचा गृहस्थ एका हातगाडीत आपले सामान ठेवून धावपट्टीच्या टोकाशी उभा राही आणि निशाणे दाखवून विमानांना 'जा' किंवा 'थांबा' अशी सूचना देई. त्याला अमेरिकेतील पहिला हवाई वाहतूक-नियंत्रक मानतात. पुढच्याच वर्षी क्लीव्हलंड येथे रेडिओने सुसज्ज असा नियंत्रण-मनोरा उभा राहिला आणि निशाणाची जागा शब्दाने घेतली.

ह्या बदलाचे मर्म भाषाशास्त्राच्या परिभाषेत अधिक नेमकेपणाने सांगता येते. इंग्लिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत असे दाखवून दिले, की काही विधाने वस्तुस्थितीचे वर्णन करीत नसून ती उच्चारताच नवी वस्तुस्थिती निर्माण होते. नियंत्रकाने दिलेली अनुज्ञा ही अशीच कृतिरूप उक्ती आहे. अमुक उंची तुम्हांला दिली असे तो म्हणतो, तेव्हा तो आकाशाचे वर्णन करीत नाही, तर आकाशाचा तेवढा भाग त्या विमानासाठी राखून ठेवतो. वैमानिकाने ते शब्द परत उच्चारून दाखवावेत असा जो दंडक आहे, त्याचे प्रयोजनही हेच. उक्ती दोन्ही बाजूंनी पूर्ण झाल्याखेरीज ती कृती होत नाही.

वाणीची कक्षा प्रथम मर्यादित होती. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनवर, सुमारे २१,००० फूट उंचीवर, दोन प्रवासी विमाने आदळून १२८ माणसे दगावली. त्या प्रदेशात दोन्ही विमाने 'पाहा आणि टाळा' ह्या जुन्या नियमावरच उडत होती. ह्या दुर्घटनेने जो लोकक्षोभ झाला, त्याची परिणती १९५८ च्या अमेरिकन विमानवाहतूक कायद्यात व नव्या केंद्रीय यंत्रणेत झाली. वरच्या आकाशातून दृष्टीचे राज्य संपले आणि वाणीचे सुरू झाले.

परंतु वाणीलाही तिच्या मर्यादा होत्या. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील टेनेरिफ येथे दोन जंबो विमाने धावपट्टीवरच आदळून ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाणाच्या तयारीत असलेल्या डच विमानातून आलेल्या इंग्रजी वाक्याचा अर्थ नियंत्रकाने एक घेतला व वक्त्याला दुसराच अभिप्रेत होता. त्याच क्षणी दुसऱ्या विमानाने दिलेला इशारा नियंत्रकाच्या बोलण्याशी एकाच वेळी प्रक्षेपित झाला आणि दोन्ही आवाज मिसळून नुसती किरकिर ऐकू आली. रेडिओच्या एका वाहिनीवर एका वेळी एकालाच बोलता येते, ही साधी गोष्ट त्या दिवशी प्राणघातक ठरली.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे दिल्लीहून निघालेले विमान आणि कझाकस्तानचे दिल्लीकडे येणारे विमान आदळून ३४९ माणसे मरण पावली. हवेत झालेल्या टकरींत ही सर्वांत भीषण होय. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची सूचना होती व सौदी विमानाला १४,००० फुटांवर; कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली उतरले. चौकशीत त्या विमानातील कर्मचाऱ्यांच्या तोकड्या इंग्रजी ज्ञानाचाही कारणांत उल्लेख झाला. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने आंतरराष्ट्रीय उड्डाणांतील वैमानिक व नियंत्रक ह्यांच्यासाठी भाषाप्रावीण्याची किमान पातळी ठरवून दिली आणि ती मार्च २००८ पासून लागू केली. म्हणजे वाणीच्या युगाने दृष्टीच्या युगातील एक अडचण दूर केली, पण एक नवी असमानता आणली. आकाशात वावरावयाचे तर एक विशिष्ट भाषा यावयास हवी.

३. संकेताचा उदय

दरम्यान तिसरे माध्यम तयार होत होते. दुसऱ्या महायुद्धात स्वपक्षाचे विमान ओळखण्यासाठी जी यंत्रे योजण्यात आली, त्यांतून ट्रान्सपाँडर हे उपकरण विकसित झाले. जमिनीवरील रडारने विचारणा केली की विमानातील हे उपकरण आपला सांकेतिक क्रमांक व, योग्य प्रकारचे असल्यास, उंची कळविते. येथे यंत्रच प्रश्न विचारते व यंत्रच उत्तर देते.

ह्या नव्या माध्यमात मुके राहण्याचे परिणाम लवकरच दिसले. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस येथे एक मेक्सिकन प्रवासी विमान व एक छोटे खासगी विमान आदळून जमिनीवरील १५ जणांसह ८२ माणसे मेली. छोट्या विमानातील ट्रान्सपाँडर उंची कळविणारा नव्हता. नियंत्रित क्षेत्रात ते विमान अनवधानाने शिरले होते. ह्यानंतर अमेरिकेत मोठ्या विमानांवर 'टीकॅस' ही टक्करप्रतिबंधक यंत्रणा सक्तीची झाली, आणि चरखी दादरीनंतर भारतातही तशी सक्ती आली. दोन विमानांतील ह्या यंत्रणा परस्परांशी संकेतांनी बोलतात आणि एकाला 'वर जा' व दुसऱ्याला 'खाली जा' असे सांगतात.

आता एक नवाच पेच उत्पन्न झाला. वाणी एक सांगते आणि संकेत दुसरेच सांगतो, तेव्हा कोणाचे ऐकावयाचे? १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेन शहराजवळ हा पेच प्रत्यक्षात आला. रशियन तुपोलेव्ह विमानाला यंत्रणेने वर जाण्यास सांगितले आणि स्वित्झर्लंडमधील नियंत्रकाने खाली उतरण्यास. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. समोरच्या मालवाहू विमानाने आपल्या यंत्रणेचे ऐकून खाली सूर मारला. दोन्ही विमाने खालीच आली आणि ७१ माणसे प्राणास मुकली. त्यानंतर यंत्रणेचा आदेश नियंत्रकाच्या शब्दाहून वरचढ मानावा, हा नियम आंतरराष्ट्रीय स्तरावर निःसंदिग्ध करण्यात आला. माध्यमांच्या इतिहासात ही घटना सीमारेषेसारखी आहे. त्या दिवसापासून टकरीच्या अंतिम क्षणी संकेताचा अधिकार वाणीच्या अधिकाराहून श्रेष्ठ ठरला.

४. ड्रोन आणि जुन्या माध्यमांचे अपुरेपण

ड्रोनच्या आगमनाने जी अडचण निर्माण झाली, तिचे स्वरूप ह्या पार्श्वभूमीवर स्पष्ट होते. ड्रोनमध्ये वैमानिक बसलेला नसतो. त्यामुळे 'पाहा आणि टाळा' ह्या नियमातील पाहणाराच नाहीसा होतो. चालक जमिनीवर असतो व यान दृष्टीआड गेले की त्याची दृष्टी निरुपयोगी होते. वाणीचीही तीच गत आहे. एक नियंत्रक एका वाहिनीवर मर्यादित विमानांशीच बोलू शकतो. शहरावरील शेकडो लहान यानांच्या चालकांशी त्याने बोलावे, हे केवळ अशक्य आहे. शिवाय जमिनीलगत इमारती व टेकड्या ह्यांच्या आड रडारला नीटसे दिसत नाही.

ह्या तिन्ही उणिवांचा प्रत्यय देणारी एक घटना २१ सप्टेंबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्टेटन आयलंडजवळ घडली. सुमारे ३०० फूट उंचीवर एक हौशी चालकाचा ड्रोन अमेरिकन लष्कराच्या हेलिकॉप्टरवर आदळला. हेलिकॉप्टरच्या पात्याला इजा झाली, परंतु ते सुखरूप उतरले. ड्रोन चालकापासून सुमारे अडीच मैल दूर, दृष्टीच्या पलीकडे होता. चौकशी करणारे अधिकारी भेटेपर्यंत टक्कर झाल्याचे चालकाला ठाऊकही नव्हते. पाहिले कोणी नाही, बोलले कोणी नाही, आणि संकेतही कोणी दिला नाही. पुढील वर्षी, डिसेंबर २०१८ मध्ये, लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या वार्तांमुळे सुमारे १,००० उड्डाणे बाधित झाली आणि सुमारे १,४०,००० प्रवासी अडकून पडले. ते ड्रोन कोणाचे, हे सिद्ध झालेच नाही. जे स्वतःची ओळख सांगत नाही, त्याला आकाशातून दूर करणे तर सोडाच, ते तेथे आहे की नाही हेही ठरविता येत नाही.

५. अगाऊ सांगितलेला हेतू

ह्या प्रश्नाचे जे उत्तर पुढे आले, त्याची पायाभरणी अमेरिकेच्या 'नासा' संस्थेच्या एम्स संशोधन केंद्रात झाली. परिमल कोपर्डेकर ह्यांच्या नेतृत्वाखाली तेथे मानवरहित विमानांच्या वाहतूक-व्यवस्थापनाची, संक्षेपाने 'यूटीएम'ची, कल्पना आकारास आली. २०१५ पासून चार टप्प्यांत तिच्या चाचण्या झाल्या. आरंभीच्या चाचण्या विरळ वस्तीच्या जागी झाल्या. २०१९ मधील शेवटच्या चाचण्या रेनो आणि कॉर्पस ख्रिस्ती ह्या शहरांच्या आकाशात झाल्या.

ह्या व्यवस्थेचे तत्त्व सोपे आहे. ड्रोन उडविणारा उड्डाणापूर्वी आपला हेतू घोषित करतो. आकाशाचा अमुक भाग, अमुक उंचीपासून अमुक उंचीपर्यंत, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत मी वापरणार आहे, असे तो आपल्या सेवादात्याला संगणकाद्वारे कळवितो. निरनिराळे सेवादाते आपापल्या ग्राहकांचे असे हेतू परस्परांशी ताडून पाहतात. दोन हेतू एकाच जागी व एकाच वेळी येत असतील, तर उड्डाणापूर्वीच एकाला वेळ किंवा वाट बदलावी लागते. उड्डाण चालू असताना यान घोषित भागाबाहेर गेले, तर इतरांना इशारा जातो. शासन नियम करते, निर्बंधित क्षेत्रे जाहीर करते व आवश्यक ती माहिती मागवू शकते. परंतु प्रत्येक यानाशी बोलणारा नियंत्रक येथे नाही. जोडीला अमेरिकेत 'रिमोट आयडी'चा नियम आला. त्यानुसार ड्रोन आपली ओळख, आपले स्थान व चालकाचे स्थान सतत प्रक्षेपित करतो. हा नियम जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला व मार्च २०२४ च्या मध्यापासून त्याची पूर्ण अंमलबजावणी सुरू झाली.

३० जुलै २०२४ रोजी अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने टेक्सासमधील डॅलसच्या परिसरात 'झिपलाइन' व 'विंग' ह्या दोन स्पर्धक कंपन्यांना एकाच आकाशात दृष्टीपलीकडची उड्डाणे करण्याची मुभा जाहीर केली. दोघांच्या यानांनी वेगवेगळे राहावे ही जबाबदारी ह्याच व्यवस्थेवर सोपविण्यात आली. नियंत्रकाच्या मध्यस्थीवाचून दोन व्यावसायिक संस्थांनी परस्परांशी संकेतांनी ठरवून आकाश वाटून घ्यावे, हा विमानवाहतुकीतील एक नवा प्रघात होय.

भाषेच्या दृष्टीने येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाचा फरक पडतो. नियंत्रकाच्या वाणीत अनुज्ञा ही वरून खाली येणारी उक्ती होती. यूटीएममध्ये मूळ उक्ती ही आज्ञा नसून प्रतिज्ञा आहे. मी अमुक करीन, असे प्रत्येकजण आधी सांगतो आणि त्या वचनांच्या परस्परसुसंगतीतून सुव्यवस्था निर्माण होते. अशा व्यवस्थेचे बळ सर्व सहभागींच्या वचनबद्धतेत असते. आणि तिचे दौर्बल्यही तेथेच असते. जो वचन देत नाही, तो तिला दिसतच नाही.

६. भारतातील वाटचाल

भारताने ह्या बाबतीत एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे प्रवास केला. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने एका सूचनेद्वारे नागरी ड्रोनच्या वापराला मनाई केली. १ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीत 'परवानगी नाही, तर उड्डाण नाही' असे तत्त्व होते. संगणकीय स्वाक्षरी असलेली अनुमती मिळाल्याखेरीज यान जमिनीवरून उचललेच जाऊ नये, अशी योजना यंत्रातच करावयाची होती. मार्च २०२१ च्या नियमांत परवानग्यांचे जाळे अधिकच दाट झाले. आणि २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी ते बऱ्याच अंशी उकलले.

ह्या नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे भाग पाडले. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीची आवश्यकता ठेवली नाही. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटर अंतराच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट ठरविली. 'परवानगी नाही, तर उड्डाण नाही' ही यांत्रिक अट पुढे स्वतंत्र अधिसूचनेने आणता येईल अशा तरतुदींत ठेवली. ऑक्टोबर २०२१ मध्ये वाहतूक-व्यवस्थापनाचा राष्ट्रीय धोरण-आराखडा प्रसिद्ध झाला व त्यात सेवादात्यांची कल्पना स्वीकारण्यात आली. माणसे बसलेल्या विमानाच्या अग्रहक्काचा भंग कोणत्याही ड्रोनने करू नये, हा दंडकही २०२१ च्या नियमांत आहे. येथे जुन्या सागरी न्यायाचे सातत्य स्पष्ट दिसते.

ह्या धोरणाचे परिणाम गावोगाव पोचले आहेत. एप्रिल २०२० मध्ये आरंभिलेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने होऊ लागली व महाराष्ट्र त्या योजनेच्या आरंभीच्या राज्यांत होता. २०२३ च्या अखेरीस मंजूर झालेल्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५,००० महिला बचतगटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे योजिले होते. त्याच महाराष्ट्रात कामशेतच्या डोंगरांवरून पॅराग्लायडर उडतात आणि जुहूहून समुद्रातील तेलक्षेत्राकडे हेलिकॉप्टरे जातात. म्हणजे खालच्या आकाशात एकत्र येणारे घटक आपल्याकडेही सर्व उपस्थित आहेत.

७. वाट कोणी द्यावी?

मुख्य प्रश्न उरतो तो संकेत न देणाऱ्यांचा. फुगा, ग्लायडर, पॅराग्लायडर, विद्युत्-व्यवस्था नसलेले जुने विमान ही साधने बहुधा कोणताही संकेत प्रक्षेपित करीत नाहीत. आजवरच्या नियमांत त्यांचा हक्क सर्वांत वरचा होता. नव्या व्यवस्थेत मात्र ती अदृश्य आहेत. ह्या पेचाला आज तीन प्रकारची उत्तरे पुढे आली आहेत.

पहिले उत्तर भारताचे, म्हणजे जुनेच : माणूस असलेल्या विमानाला सदैव वाट द्यावी. हे न्याय्य आहे. परंतु दृष्टीपलीकडे उडणाऱ्या ड्रोनला अबोल पॅराग्लायडर कसा कळावा, ह्याचे उत्तर त्या नियमात नाही. नियम कर्तव्य सांगतो, साधन देत नाही.

दुसरे उत्तर युरोपीय संघाचे. 'यू-स्पेस' नावाची ही व्यवस्था जानेवारी २०२३ पासून लागू झाली. ज्या आकाशक्षेत्राला अशी संज्ञा दिली जाईल, तेथील अनियंत्रित भागात येणाऱ्या वैमानिकयुक्त विमानांनीही आपले स्थान संकेतरूपाने सतत कळवावे, असे तेथील नियम सांगतात. त्यासाठी महागड्या उपकरणाची सक्ती न करता भ्रमणध्वनीच्या जाळ्यावरून चालणाऱ्या साध्या साधनांसही मान्यता देण्याची सोय ठेवली आहे. येथे बोलण्याची सक्ती आहे, परंतु ती विशिष्ट क्षेत्रापुरती आहे आणि बोलण्याचे साधन आवाक्यातले आहे.

तिसरे उत्तर अमेरिकेतील प्रस्तावाचे. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांच्या मसुद्यात असे सुचविण्यात आले, की दृष्टीपलीकडे उडणाऱ्या ड्रोनने आपले स्थान प्रक्षेपित करणाऱ्या विमानांना वाट द्यावी. परंतु जी विमाने प्रक्षेपण करीत नाहीत, त्यांच्यापुढे, काही क्षेत्रांचे अपवाद वगळता, ड्रोनला अग्रहक्क असावा. वैमानिकांच्या संघटनांनी ह्यावर आक्षेप नोंदविले. हा बदल तांत्रिक तपशिलाचा वाटतो, पण तसा तो नाही. १९१९ पासून अग्रहक्काची कसोटी सामर्थ्याची होती : ज्याला कमी जमते, त्याला वाट. ह्या मसुद्यात ती कसोटी अभिव्यक्तीची होते : जो बोलतो, त्याला वाट. शिडाच्या जहाजाला भोंगा नाही म्हणून वाफेच्या जहाजाने त्याला बाजूस सारावे, असे म्हणण्यासारखेच हे झाले.

ड्रोनच्या पक्षानेही काही म्हणणे आहे व ते डावलता येणार नाही. प्रत्येक लहान यानावर सर्व दिशांनी पाहणारी यंत्रणा बसविली, तर त्याचे वजन व किंमत इतकी वाढेल, की औषधे पोचविण्याचे किंवा शेतावर फवारणी करण्याचे काम परवडणार नाही. ४०० फुटांच्या खाली वैमानिकयुक्त विमाने विरळ असतात, हेही खरे. परंतु जी असतात ती बहुधा ज्या कामासाठी खाली येतात, ते काम रुग्णाला नेण्याचे, वणवा विझविण्याचे किंवा पिकावर फवारणी करण्याचे असते. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसजवळ वणव्यावर पाणी टाकणाऱ्या एका विमानाच्या पंखाला ड्रोन आदळून भोक पडले व आगीच्या ऐन प्रसंगी ते विमान सेवेतून काढावे लागले. खालच्या आकाशातील थोडे हे मोलाचे थोडे आहेत.

तीनही उत्तरांची तुलना केल्यास युरोपीय मार्गातील एक तत्त्व आपल्याला उपयुक्त वाटते. नवे माध्यम सक्तीचे करावयाचे असेल, तर ते ज्यांना अवगत नाही त्यांना ते स्वस्तात उपलब्ध करून देणे हे सक्ती करणाऱ्याचे कर्तव्य आहे. भाषाप्रावीण्याच्या बाबतीत विमानवाहतुकीने हा धडा अंशतः घेतला. इंग्रजी सक्तीची झाली, पण तिच्यासाठी पातळ्या ठरल्या, प्रशिक्षण ठरले आणि मुदत दिली गेली. भारतातही २०२१ च्या नियमांतील अग्रहक्क कायम ठेवून, पॅराग्लायडरपासून हेलिकॉप्टरपर्यंत सर्वांना परवडेल अशा संकेत-साधनाची सोय शासनाने करावी, आणि ज्या ठिकाणी असे साधन पोचलेले नाही तेथे दृष्टीपलीकडचे उड्डाण देऊ नये, हा क्रम सुरक्षिततेला व न्यायालाही धरून होईल. त्याचप्रमाणे फवारणी करणाऱ्या बचतगटातील स्त्रीला मिळणारा इशारा तिला वाचता येईल अशा भाषेत असावा, ही अपेक्षाही ह्याच न्यायात येते. यंत्रांनी यंत्रांशी संकेतांत बोलावे. पण शेवटी निर्णय घेणाऱ्या माणसाला तो अर्थ कळला पाहिजे, हे चरखी दादरीने शिकविलेच आहे.

१९२२ साली धुक्यात आदळलेल्या त्या दोन विमानांना परस्परांचा हेतू ठाऊक असता, तर सात माणसे वाचली असती. आज तो हेतू उड्डाणापूर्वीच कळविण्याचे साधन हाती आले आहे, ही ह्या इतिहासातील खरी प्रगती होय. ती प्रगती बोलणाऱ्यांपुरतीच राहू नये, एवढी दक्षता नियम करणाऱ्यांनी घ्यावयास हवी.